विषाचे हे नवे वतन



काही वर्षांपूर्वी परभणी जिल्ह्यातील गोदाकाठच्या एका गावाहून चार गृहस्थ माझ्या कचेरीत आले. चौघेही आपल्याच वस्तीचे. त्यांतील दोघांच्या घरी धम्मदीक्षा होऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. जय भीम झाला, मी बसा म्हटले, तेव्हा त्यांतील वडीलधाऱ्या गृहस्थाने काही न बोलता पिशवीतून पाण्याची एक बाटली काढून टेबलावर ठेवली. पाण्याचा रंग काढ्यासारखा होता. बूच काढले, तो आंबलेल्या गुळासारखा उग्र दर्प खोलीभर पसरला. वस्तीच्या विहिरीचे ते पाणी होते. विहिरीपासून अर्ध्या कोसावर, वरच्या अंगाला, मळीपासून मद्यार्क काढणारा कारखाना उभा राहिला होता, आणि त्याच्या सांडपाण्याची तळी नेमकी वस्तीच्या दिशेला खोदलेली होती.

मी प्रथम विचारले ते पाण्याविषयी नव्हे. "या कारखान्याची जनसुनावणी झाली, त्या दिवशी आपण काय बोललात?" चौघे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. अखेर उत्तर आले ते असे : "वकीलसाहेब, आम्हांला टेम्पोने नेले. मांडव होता, जेवण होते. पोरांना कामाला घेऊ म्हणाले. हात वर करा म्हणाले, आम्ही केले." पुढे माहितीच्या अधिकारात मी त्या सुनावणीचे इतिवृत्त मागविले. या लोकांविषयी त्यात एकच ओळ होती : स्थानिक ग्रामस्थांनी प्रकल्पास पाठिंबा दर्शविला. पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची मुदत ३० दिवसांची असते. सबळ कारण दाखविल्यास आणखी ६० दिवस मिळतात. ती मुदत संपून तीन वर्षे लोटली होती. ज्या दिवशी त्यांच्या शब्दाला कायद्याने सर्वांत अधिक किंमत दिली होती, त्याच दिवशी तो शब्द त्यांच्याकडून एका जेवणावर काढून घेण्यात आला होता.

या चौघांना दोष द्यावा म्हणून मी हे सांगत नाही. दोष द्यावयाचाच तर तो आम्हां शिकलेल्यांना द्यावा. आम्ही परभणीस, औरंगाबादेस, पुण्यास निघून गेलो, आणि वर्तमानपत्रात कारखान्याची जाहीर नोटीस आली तेव्हा ती वाचून तिचा अर्थ सांगण्यास वस्तीत कोणी उरले नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. गावगाड्याने गावची घाण आपल्या माथी मारली होती, ती जन्मावरून. मेलेले ढोर ओढावयाचे कोणी, हा प्रश्न त्या व्यवस्थेत विचारलाच जात नव्हता. उत्तर वतनात लिहिलेले होते. आपल्या वाडवडिलांनी ते वतन लाथाडले. आता उद्योगधंद्यांची घाण आपल्याकडे येत आहे, ती पत्त्यावरून. परंतु आपला पत्ता ठरविला कोणी? वस्ती गावाच्या खालच्या अंगाला का, ओढ्याच्या काठी का, गायरानालगत का? गावाचे पाणी उताराने आपल्याकडे वाहत यावे, आपले पाणी गावाकडे जाऊ नये, म्हणूनच ना? आज कारखान्याचा सल्लागार नकाशा घेऊन येतो, तेव्हा त्याला जात विचारण्याची गरजही पडत नाही. तो स्वस्त जमीन पाहतो, उतार पाहतो, आणि हरकत घेणारे लोक जवळपास नाहीत ना, एवढे पाहतो. या तिन्ही गोष्टी त्याला एकाच ठिकाणी सापडतात.

हे केवळ आपल्याच देशात घडते असे नाही. अमेरिकेत १९८२ साली नॉर्थ कॅरोलिना राज्यातील वॉरन परगण्यात विषारी रसायनाने दूषित झालेली माती पुरण्याचे ठरले. तो परगणा बहुसंख्य काळ्या, गरीब लोकांचा होता. लोक रस्त्यावर मालमोटारींपुढे आडवे झाले. पाचशेहून अधिक लोकांना अटक झाली. माती तेथेच पुरली गेली, परंतु त्या लढ्यातून १९८७ साली एका ख्रिस्ती धर्मसंस्थेच्या वंशन्याय आयोगाने देशभर पाहणी करून दाखवून दिले की, घातक कचऱ्याची ठिकाणे कोठे असतात याचा सर्वांत निकटचा संबंध वस्तीच्या वंशाशी आहे. आपल्याकडे अशी पाहणी जातवार कोणी केली असेल तर ती माझ्या वाचनात नाही. ती आपल्या विद्यापीठांतील मुलांनी करावी.

आता महाडचे पाहा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न पाण्याला हात लावण्याचा होता. त्याच महाडजवळ पुढे रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि सावित्री नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याच्या व मेलेल्या माशांच्या तक्रारी तेथे कित्येक वर्षे चालू आहेत. पाण्याला हात लावण्याचा हक्क आपण मिळविला. हात लावण्याजोगे पाणी शिल्लक ठेवण्याचा हक्क मिळविणे अद्याप बाकी आहे.

येथे दोन प्रकारचे लोक आपणांस अडवतील, त्यांना उत्तर दिले पाहिजे.

पहिले म्हणतील की कारखानाच नको. गाव किती सुंदर, नांगर किती पवित्र, झाडे, पाखरे, साधे जीवन! या मंडळींशी आपले कधीच जमणार नाही. ज्या गावात आपली सावलीही चालत नव्हती, त्या गावाचे गोडवे त्यांनी खुशाल गावेत. बाबासाहेबांनी १९१८ सालीच, हिंदुस्थानातील लहान धारणक्षेत्रांवरील आपल्या निबंधात, शेतीवर पडलेला माणसांचा निरुपयोगी भार उद्योगधंद्यांकडे वळविल्याशिवाय शेती सुधारणार नाही, असे मांडले होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना नद्यांवरील बहुउद्देशीय धरणे आणि वीज यांच्या धोरणाचा पाया घालण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तेव्हा वीज नको, कारखाना नको, असे म्हणणारा मनुष्य बाबासाहेबांचा अनुयायी असू शकत नाही. परभणीच्या मुलाने ऊसतोडीच्या टोळीत जावे की यंत्रशाळेत जावे, असे मला विचाराल, तर मी यंत्रशाळा म्हणेन, आणि क्षणाचाही विचार न करता म्हणेन.

दुसऱ्या प्रकारचे लोक अधिक चतुर आहेत. ते म्हणतात : पर्यावरण ही श्रीमंतांची चैन आहे, आधी पोट, मग हवा-पाणी. युरोप-अमेरिकेने दीडशे वर्षे धूर सोडून संपत्ती मिळविली आणि आता आम्हांला शहाणपण शिकवितात. १९७२ साली स्टॉकहोम येथील परिषदेत इंदिरा गांधींनी गरीब राष्ट्रांची बाजू मांडताना दारिद्र्य हेच मोठे प्रदूषण नव्हे काय, अशा आशयाचा प्रश्न केला होता. तो आजतागायत उगाळला जातो. त्यात सत्याचा अंश आहे, हे मी नाकारत नाही. परंतु वकील या नात्याने मी एक विचारतो. श्रीमंत राष्ट्राने आपली घाण गरीब राष्ट्राच्या दारात टाकू नये, हा जर न्याय असेल, तर श्रीमंत गावाने आपली घाण गरीब वस्तीच्या दारात टाकू नये, हाही न्यायच आहे. दिल्लीने जे वॉशिंग्टनला सुनवावे, तेच आपल्या वस्तीने दिल्लीला, मुंबईला आणि कारखान्याच्या अध्यक्षाला सुनवावे. एक युक्तिवाद परदेशात चालवायचा आणि घरी त्याच्या उलट वागायचे, हे या देशाला नवीन नाही. स्वराज्य मागणाऱ्यांनी आपल्याला पाणवठा नाकारला होता, हे आपण विसरलेलो नाही.

आणि "आधी पोट" म्हणणाऱ्यांनी भोपाळ आठवावे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून वायू सुटला, तो प्रथम कोणाच्या घरात शिरला? कारखान्याच्या भिंतीलगतच्या झोपड्यांत. पोटासाठी शहरात आलेली ती माणसे होती. पुढे १९८९ साली ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली, आणि ज्यांच्या नावाने ती झाली त्यांना तिच्याविषयी कोणी विचारले नव्हते.

"शाश्वत विकास" हा शब्द आता शाळेच्या पुस्तकांतही आला आहे. १९८७ साली नॉर्वेच्या ब्रुंटलांडबाईंच्या अध्यक्षतेखालील आयोगाने त्याची व्याख्या केली. आजच्या गरजा अशा रीतीने भागवाव्यात की पुढील पिढ्यांच्या गरजांना बाध येऊ नये, असा तिचा मथितार्थ. त्याच अहवालात गरिबांच्या मूलभूत गरजांना अग्रक्रम द्यावा, असेही स्पष्ट म्हटले होते. आपल्याकडील भाषणांत तेवढे वाक्य गळून पडले. मंत्रिमहोदय नातवंडांच्या काळजीने व्याकूळ होतात. खालच्या अंगाच्या वस्तीतील आज जिवंत असलेले मूल कोणते पाणी पिते, हे त्यांना ठाऊक नसते.

आपल्या जिल्ह्याचे उदाहरण घ्या. परळीचे औष्णिक वीजकेंद्र १९७१ पासूनचे. ते बीड जिल्ह्यात आहे खरे, परंतु त्याला लागणारे गोदावरीचे पाणी आपल्या सोनपेठ तालुक्यातील खडका बंधाऱ्यातून जाते. वीज दूरवर जाते. राख परळीच्या आसपासच राहते. आपल्या देशातील दगडी कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४५ टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे शंभर गाड्या कोळसा जाळला की तीस-चाळीस गाड्या राख उरते. ती ओली करून तळ्यांत सोडतात. उन्हाळ्यात तळे सुकते आणि वारा सुटला की ती घराघरांत, भाकरीवर, तान्ह्या मुलाच्या पाळण्यात बसते. राखेच्या वाहतुकीची कंत्राटे कोणाच्या हाती असावीत, यावरून परळीत चालणारे राजकारण सर्वश्रुत आहे. राख कोणाच्या छातीत जाते, यावरून राजकारण करण्यास कोणी पुढे आलेले नाही. आणि २०१३ साली, पुन्हा २०१५ साली, काय झाले? दुष्काळात पाणीच संपले, आणि वीजनिर्मिती बंद ठेवावी लागली. नदी राहिली नाही तर कारखानाही राहत नाही, मग रोजगार कोठला? शाश्वत विकास म्हणजे काय, हे समजण्यासाठी मला ब्रुंटलांडबाईंपेक्षा खडक्याचा कोरडा बंधारा अधिक उपयोगी पडतो.

साखर आणि मद्यार्क यांचे थोडे विस्ताराने सांगतो, कारण आपल्या जिल्ह्यात उसाबरोबर हेच पुढे येत आहे. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढला की ८ ते १५ लिटर तपकिरी सांडपाणी उरते. कारखान्यातील लोक त्याला स्पेंटवॉश म्हणतात. पाण्यातील घाण कुजताना किती प्राणवायू ओढून घेते, यावरून पाण्याचे दूषण मोजतात. नदीत स्नान करावयाचे तर हा आकडा लिटरला ३ मिलिग्रॅमच्या वर नसावा, असे मानक आहे. कच्च्या स्पेंटवॉशमध्ये तो ४०,००० किंवा त्याहूनही अधिक असतो. असे पाणी नदीत पडले की मासे गुदमरून मरतात. ते विषाने मरतात असे नव्हे, श्वास कोंडून मरतात. म्हणून नियम असा आहे की या पाण्याचा एक थेंबही कारखान्याबाहेर जाता कामा नये. ते आटवून भट्टीत जाळावे, किंवा साखर कारखान्यातील गाळात मिसळून खत करावे. कागदावर हे सर्व चोख असते. परंतु आटविण्यास वाफ लागते, वाफेस पैसा लागतो, आणि तळ्याला अस्तर न घालता ते भरून ठेवण्यास काहीच लागत नाही. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. खालच्या खडकातही सांधे असतात. एकदा पाणी त्यात उतरले की विहीर किती वर्षांनी स्वच्छ होईल, हे सांगणे कठीण. पावसाळ्याच्या पहिल्या रात्री, वीज गेलेली असताना, तळ्याचा बांध कोण फोडतो आणि सकाळी "अतिवृष्टीमुळे" हा शब्द पंचनाम्यात कसा येतो, हे ओढ्याकाठच्या माणसाला मी काय सांगावे!

कायदा याबाबत मुका नाही. राज्यघटनेच्या ४८-अ व ५१-अ(छ) या कलमांनी पर्यावरणाचे रक्षण हे राज्याचे व नागरिकाचे कर्तव्य ठरविले. १९९१ साली सुभाषकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कलम २१ मधील जीविताच्या हक्कात प्रदूषणमुक्त पाणी व हवा यांचा हक्क येतो. १९९६ साली वेल्लोर येथील चामड्याच्या कारखान्यांविषयीच्या निकालात शाश्वत विकास हा कायद्याचा भाग मानला गेला. जो प्रदूषण करील त्याने भरपाई करावी, आणि आपल्या कृत्याने अपाय होणार नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कारखानदारावर, अशी दोन तत्त्वे प्रस्थापित झाली. त्याच वर्षी राजस्थानातील बिछडी गावच्या निकालात, विहिरी विषारी करणाऱ्या कारखान्यांकडून शुद्धीकरणाचा खर्च वसूल करण्याचा आदेश झाला. मात्र तो पैसा वसूल व्हावा म्हणून २०११ सालीही त्याच न्यायालयाला व्याजासह पुन्हा आदेश द्यावा लागला. पंधरा वर्षे! निकाल हाती येणे आणि विहीर स्वच्छ होणे यांत केवढे अंतर असते, हे आपण ध्यानात ठेवावे. म्हणूनच मी म्हणतो की, विहीर बिघडल्यावर वकिलाकडे येण्यापेक्षा ती बिघडण्यापूर्वी मांडवात उभे राहून बोला.

परंतु तो मांडवच आता लहान केला जात आहे. पेट्रोलमध्ये मिसळण्याच्या इथेनॉलसाठी चालणाऱ्या कित्येक डिस्टिलऱ्यांना केंद्र शासनाने २०२१ साली अधिसूचना काढून "ब-२" या वर्गात बसविले. आणि ब-२ वर्गाला जनसुनावणी नसते. युक्तिवाद काय, तर इथेनॉल हे हिरवे इंधन. मोटारीच्या नळीतून धूर थोडा कमी निघावा म्हणून विहिरीशेजारी राहणाऱ्या माणसाचे तोंड बंद करावयाचे! मोटार कोणाची आणि विहीर कोणाची, हे आपणच पाहावे. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने पर्यावरण संरक्षण कायद्यातील पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद काढून तिच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला. जनतेचा विश्वास संपादन करण्याची ही रीत मला तरी अजब वाटते. तुरुंगाची भीती कारखान्याच्या संचालकाला असते. दंड तो वार्षिक खर्चात मांडतो.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आधी काम सुरू करावयाचे आणि मागाहून पर्यावरण मंजुरी घ्यावयाची, ही प्रथा सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ रोजी वनशक्ती प्रकरणात बेकायदा ठरविली होती. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. सुमारे २० हजार कोटी रुपयांची सार्वजनिक बांधकामे पाडावी लागतील, हे एक कारण दिले गेले. त्या बहुमतात तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई होते. त्यांच्या त्या पदावर बसण्याने आपल्या प्रत्येक घराला आनंद झाला होता. मलाही झाला होता. तरीही माझे मत न्या. उज्ज्वल भुयां यांच्या विरोधी निकालपत्राच्या बाजूचे आहे. मागाहून मिळणाऱ्या मंजुरीत आधीची सुनावणी बुडते, आणि ज्याची सुनावणी बुडते तो मनुष्य बहुधा आपलाच असतो. आपला म्हणून निकाल मान्य, परका म्हणून अमान्य, ही रीत आपल्याला बाबासाहेबांनी शिकविलेली नाही.

तसेच आपल्यातील काही मंडळींविषयी. कारखान्याची राख उचलण्याचा, सांडपाण्याचे टँकर चालविण्याचा ठेका ज्यांना मिळतो, ते वस्तीत येऊन "विकासाला विरोध करू नका" असे सांगतात, आणि सांगताना गळ्यात निळा रुमाल असतो. एका ठेक्याने एक घर वर येते, हे मला मान्य आहे. शंभर घरांची विहीर बुडते, हे त्यांनीही मान्य करावे. पोरांना नोकरी देऊ म्हणणाऱ्या कारखान्याला लेखी विचारावे की कायम किती, कंत्राटी किती, आणि हंगाम संपल्यावर किती. माझ्याकडे आलेल्या त्या चौघांच्या गावातील सहा मुलांना काम मिळाले होते. सहाही कंत्राटी, आणि सहाही त्याच तळ्यांवर.

त्या गावचे पुढे काय झाले? अपिलाची मुदत गेली होती. परंतु नुकसानभरपाई व पर्यावरणाची पूर्वस्थिती यांसाठी न्यायाधिकरणाच्या कायद्यातील कलम १५ खाली पाच वर्षांची मुदत आहे, त्या वाटेने आम्ही पुण्याच्या पीठाकडे गेलो. तक्रार केल्यानंतर नमुना घेण्यास अधिकारी आले ते बरोबर अकरा दिवसांनी, मधल्या काळात पाऊस पडून गेल्यावर. नमुना "मर्यादेत" आला. सुदैवाने त्या वडीलधाऱ्या गृहस्थांनी बाटल्या ठेवल्या होत्या; दर आठवड्याला एक, आणि प्रत्येकीवर नातीच्या हाताने तारीख घातलेली. मंडळाने कायदेशीर रीतीने घेतलेल्या नमुन्याची किंमत अशा बाटलीला येत नाही, परंतु न्यायाधिकरण पुराव्याच्या कायद्याच्या शब्दांनी बांधलेले नाही, आणि त्या बाटल्यांनी फेरतपासणीचा आदेश मिळविला. तळ्यांना अस्तर आले. वस्तीला टँकर सुरू झाला. विहिरीचे पाणी मात्र आजही कोणी पीत नाही.

नव्याने धम्म स्वीकारलेल्या कुटुंबांच्या मनात एक शंका असते, ती दूर करतो. बौद्ध झाल्याने आपला अनुसूचित जातीचा दर्जा जात नाही. १९९० च्या दुरुस्तीने तो बौद्धांनाही आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाला, त्याचे उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला हरित न्यायाधिकरणाची फी नाही. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३(१)(x) आपल्या वापरातील पाण्याचा साठा घाण करणे हा गुन्हा ठरविते, हेही ठाऊक असू द्यावे. मात्र त्या कलमावर सर्व भिस्त ठेवू नये. त्याचा जन्म गावातील द्वेषाने विहिरीत घाण टाकणाऱ्यासाठी झाला आहे. कारखान्याविरुद्ध तो गुन्हा शाबीत करणे अवघड जाते, आणि सुटलेला आरोपी पुढच्या लढ्यात अधिक उद्दाम होतो.

बाबासाहेबांनी "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले, ते आपण वर्षावासात ऐकतो : रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांचा तंटा. सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला, तेव्हा सिद्धार्थ शाक्यांच्या सभेत उभा राहिला आणि त्याने विरोध केला. बहुमत त्याच्याविरुद्ध गेले. तरी त्याने हात वर केला नाही, मान डोलावली नाही. जनसुनावणीच्या मांडवात आपल्याकडून याहून अधिक काही अपेक्षित नाही.

म्हणून सुनावणी असेल तेथे काय करावे, ते सांगून थांबतो. प्रदूषण नियंत्रण मंडळाची जाहीर नोटीस मराठी दैनिकात येते आणि हरकती देण्यास किमान ३० दिवस मिळतात. आघात अहवालाचा मराठी सारांश ग्रामपंचायतीत व जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत ठेवावा लागतो. तो मागून घ्यावा, न दिल्यास तसे लिहून द्यावे. बुद्धविहारात एका संध्याकाळी तो मोठ्याने वाचावा. नकाशात आपली वस्ती, आपली विहीर, आपला ओढा दाखविला आहे काय, हे आधी पाहावे. पुष्कळदा तेथे "पडीक जमीन" असे लिहिलेले असते. सांडपाण्याचे तळे विहिरीपासून किती हातांवर, दुष्काळाच्या वर्षी पाणी कोठून आणणार, राख कोठे टाकणार, विहिरींची तपासणी कोण व किती दिवसांनी करणार आणि तिचा निकाल वस्तीत कोठे लावणार, हे विचारावे. सुनावणी जिल्हादंडाधिकारी किंवा त्यांचे अधिकारी चालवितात व तिचे चित्रीकरण होते. लक्षात ठेवा, या सुनावणीला गणसंख्येची अट नाही. मांडव रिकामा राहिला तरी ती झाली असेच धरतात. तेव्हा बहिष्कार टाकून घरी बसू नका. भगिनींनी आधी बोलावे, कारण पाणी त्या भरतात आणि त्याचा वास बदलला हे पुरुषांच्या आधी त्यांना कळते. शेवटी इतिवृत्त मराठीतून वाचून दाखविणे बंधनकारक आहे. ते वाचून होईपर्यंत कोणी उठू नये, जेवण वाढले तरी. आणि तोंडी बोललात तरी हरकत लेखी द्या, दोन प्रतींत. एकीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊन ती घरातल्या जातीच्या दाखल्याशेजारी जपून ठेवा.